अपात्रावर झालेली कृपा : जॉन न्यूटन यांचे चरित्र

देवाची कृपा हे शब्द आपल्या मंडळ्यांत सदैव कानी पडतात. कोणी प्रकृती विचारली तर देवाच्या कृपेने बरे आहे असे आपण सांगतो. पत्राचा शेवट त्याच शब्दांनी करतो, आणि मुलाला नोकरी लागली की तेच शब्द तोंडी येतात. यात वावगे काही नाही. परंतु पवित्र शास्त्रात कृपा म्हणजे जे मिळण्याची आपली मुळीच लायकी नव्हती, उलट ज्याच्या विपरीतच आपल्या वाट्याला यावयास हवे होते, ते देवाने आपण होऊन देणे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने हेच समजावून सांगितले आहे. सज्जन मनुष्यावर कृपा झाली असे ऐकून कोणाला अडखळण होत नाही. पण ज्याने माणसे विकत घेतली, साखळ्यांत जखडली आणि बाजारात विकली, त्याला क्षमा मिळाली असे ऐकले की मन थबकते. अशा एका मनुष्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. जगभर गाइल्या जाणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या इंग्रजी गीताचे कर्ते जॉन न्यूटन ते हेच.

न्यूटनचा जन्म इ. स. १७२५ च्या जुलै महिन्यात लंडनमधील वॉपिंग या बंदरालगतच्या वस्तीत झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान असल्यामुळे बहुतेक काळ समुद्रावर असे. आई एलिझाबेथ ही भक्तिमान स्त्री होती. तिने एकुलत्या एका मुलाला लहानपणीच वाचावयास शिकविले, आणि शास्त्रवचने, प्रश्नोत्तरावली व मुलांची गीते त्याच्याकडून पाठ करून घेतली. आपला मुलगा पुढे देवाच्या सेवेत जावा अशी तिची इच्छा होती. परंतु तिला क्षयाने गाठले, आणि जॉनला सात वर्षे पूर्ण होण्याआधीच, १७३२ साली, ती वारली. बापाने दुसरे लग्न केले. दोन वर्षे जॉनला वसतिगृहाच्या शाळेत ठेवण्यात आले, आणि अकराव्या वर्षी बाप त्याला आपल्याबरोबर जहाजावर घेऊन गेला.

आईने पेरलेले बी पुढे बरीच वर्षे दिसेनासे झाले. तरुण न्यूटनने मधूनमधून धार्मिक होण्याचा प्रयत्न केला. उपास केले, वाचन केले, आणि दर वेळी ते सोडून दिले. पुढे एका नास्तिक विचाराच्या पुस्तकाचा आणि तशाच सोबत्याचा त्याच्यावर पगडा बसला. मग तो नुसता अविश्वासी राहिला नाही, तर इतरांचा विश्वास मोडण्यात त्याला आनंद वाटू लागला. त्याच्या तोंडची शिवीगाळ व देवनिंदा ऐकून खलाशीसुद्धा चकित होत.

१७४२ च्या डिसेंबरात तो केंट परगण्यात आपल्या आईच्या मैत्रिणीच्या घरी गेला. तेथे मेरी कॅटलेट ही तिची मुलगी त्याने पाहिली. ती तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती, आणि तो सतरा वर्षांचा होता. तिच्याविषयीचे प्रेम त्याच्या मनातून कधीच गेले नाही. पुढे देवाचा विचारही त्याला आवरीनासा झाला, तेव्हा या एका आठवणीने त्याला आत्मनाशापासून रोखून धरले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

१७४४ साली आरमाराच्या लोकांनी त्याला रस्त्यात पकडून जबरदस्तीने ‘हार्विच’ या लढाऊ जहाजावर भरती केले. बापाच्या ओळखीने त्याला तेथे लहानसा हुद्दा मिळाला. परंतु तो पळून गेला, पकडला गेला, आणि सर्वांसमक्ष फटके खाऊन साध्या खलाशाच्या पायरीवर आला. पुढे मदेरा बेटाजवळ त्याची बदली गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका जहाजावर झाली. त्या जहाजाने तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला, आणि सिएरा लिओनजवळच्या प्लान्टेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीत राहिला.

तेथे त्याला तापाने घेरले. व्यापाऱ्याच्या घरात त्याची देखभाल कोणी करीना. प्यावयास पाणी मागावे तरी ते मिळण्याची पंचाईत, अंगावर धड वस्त्र नाही, आणि पोटाला उष्टे-खरकटे. रात्री लपतछपत शेतातील कंद उपटून तो कच्चेच खाई. अशा वेळी त्याला गुपचूप अन्न आणून दिले ते साखळ्यांत जखडलेल्या गुलामांनी. त्यांना स्वतःलाच जे मूठभर मिळे, त्यातला वाटा त्यांनी या परक्या गोऱ्या मुलाला दिला. त्यांच्यावर त्याचे काही उपकार नव्हते. ज्या लोकांनी त्यांना जखडले होते त्या लोकांपैकीच तो एक होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१७४७ साली ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज त्या किनाऱ्यावर आले. मुलगा भेटल्यास घेऊन यावे, अशी विनंती न्यूटनच्या बापाने त्याच्या कप्तानास केली होती. न्यूटन जहाजावर चढला. हे जहाज सोने, हस्तिदंत, मेण व रंगाचे लाकूड यांचा व्यापार करणारे होते. परतीच्या लांबच्या प्रवासात त्याने वेळ घालविण्यासाठी ‘ख्रिस्तानुकरण’ हे थॉमस आ केम्पिस यांचे पुस्तक चाळले, आणि हे सारे खरे असले तर, हा विचार मनाला टोचू लागताच पुस्तक मिटून टाकले.

त्या काळच्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे १० मार्च १७४८ च्या पहाटे उत्तर अटलांटिक समुद्रात भयंकर वादळ झाले. एका लाटेने जहाजाची एक बाजू फुटून खोल्यांत पाणी भरले. न्यूटन वर धावत असता कप्तानाने त्याला सुरी आणावयास सांगितले म्हणून तो मागे फिरला. त्याच्या जागी जो मनुष्य वर गेला तो त्याच क्षणी समुद्रात वाहून गेला. पहाटेपासून दुपारपर्यंत त्याने पंप चालविला. मग त्याला सुकाणूपाशी उभे केले गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत तो तेथेच होता. सकाळी कामाच्या भरात, हे नाही साधले तर प्रभू आपणावर दया करो, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून सहज निघून गेले होते. बऱ्याच वर्षांत त्याने दयेचे नाव घेतले नव्हते. आपल्यासारख्यावर कसली दया, हा प्रश्न सुकाणू धरलेल्या त्या लांब तासांत त्याच्यापुढे उभा राहिला. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे जहाज तरंगत राहिले. चार आठवड्यांनी, ८ एप्रिलला, ते आयर्लंडच्या एका बंदरात पोहोचले, तेव्हा शिल्लक राहिलेले शेवटचे अन्न भांड्यात शिजत होते.

आता येथे आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी जरा थांबावे. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट येथेच संपविली जाते. वादळ झाले, न्यूटनचे मन पालटले, त्याने गुलामांचा व्यापार टाकून दिला आणि गीत लिहिले, असे मुलांना सांगितले जाते. घडले ते असे नव्हे. खरी हकीकत याहून कठीण आहे, आणि कृपेविषयी ती अधिक शिकविते.

वादळानंतर न्यूटनने शिवीगाळ सोडली, प्रार्थना सुरू केली. पण पूर्ण अर्थाने आपण त्या वेळी विश्वासी झालो होतो असे आपणास म्हणता येत नाही, अशी कबुली त्याने पुढे दिली. त्याच वर्षी तो दुय्यम अधिकारी होऊन गुलाम आणण्यासाठी पुन्हा आफ्रिकेला गेला. तेथे जुन्या पापांत पडला, पुन्हा तापाने आजारी झाला, आणि आपल्या प्रतिज्ञांवर आता भरवसा नाही हे कळून ख्रिस्ताच्या दयेवर त्याने स्वतःला टाकून दिले. १७५० च्या फेब्रुवारीत त्याचे मेरीशी लग्न झाले. आणि त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून गुलामांच्या जहाजाच्या तीन सफरी केल्या.

या सफरी म्हणजे काय, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे. माणूस धड बसूही शकणार नाही अशा बुटक्या जागेत फळ्यांवर माणसे दाटीने निजविलेली, दोघादोघांना एकत्र बेड्या घातलेल्या. हवा इतकी कोंदट की सकाळी जिवंत माणसाला मेलेला माणूस बांधलेला सापडे. स्त्रियांवर अत्याचार होत. बंडाचा संशय आला म्हणून काही मुलांना बेड्या घालून त्यांच्या अंगठ्यांना चाप लावला, अशी नोंद त्यांच्याच रोजनिशीत आहे. आणि त्याच जहाजावर हा कप्तान दर रविवारी खलाशांना जमवून उपासना चालवी. खोलीत बसून शास्त्र वाची, बायकोला प्रेमळ पत्रे लिही. गुलामांचा व्यापार पाप आहे असे त्याच्या मनात आले नाही. तुरुंगाधिकाऱ्यासारखे हे एक अप्रिय काम आहे, इतकेच त्याला वाटे. देवाने याहून सौम्य व्यवसाय द्यावा अशी प्रार्थना मात्र तो करी.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील तो दास आठवतो. दहा हजार हजारांचे कर्ज धन्याने सोडले, आणि बाहेर जाताच त्याने शंभर रुपयांसाठी सोबत्याचा गळा धरला. न्यूटनला समुद्राने सोडले होते, देवाने सोडले होते. साखळ्यांतील गुलामांच्या हातचा घास त्याने खाल्ला होता. तरी तशाच माणसांना तो साखळ्या घालीत राहिला. मग त्याची क्षमा खोटी होती काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. क्षमा देवाची होती, ती खरी होती. डोळे मात्र एका दिवसात उघडले नाहीत. बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभूने पहिल्यांदा स्पर्श केला तेव्हा त्याला माणसे झाडांसारखी दिसली, आणि प्रभूला पुन्हा हात ठेवावा लागला. न्यूटनला अजून आफ्रिकी माणसे माणसांसारखी दिसत नव्हती.

१७५४ च्या नोव्हेंबरात चौथ्या सफरीवर निघण्यास दोनच दिवस उरले असता घरी चहा पिताना न्यूटनला एकाएकी झटका आला. वैद्यांनी समुद्रावर जाण्यास मनाई केली. अशा रीतीने तो धंदा सुटला तो आजाराने, सद्सद्विवेकाने नव्हे. पुढील वर्षी त्याला लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात जहाजे तपासण्याची नोकरी मिळाली. तेथे फावल्या वेळात तो ग्रीक व हिब्रू शिकला, जॉर्ज व्हिटफील्ड व जॉन वेस्ली यांचे उपदेश ऐकले, आणि देवाच्या सेवेत जाण्याची आईची इच्छा त्याच्या मनात जागी झाली. १७५८ साली त्याने दीक्षेसाठी केलेला अर्ज नाकारला गेला. अखेर लॉर्ड डार्टमथ यांच्या खटपटीने १७६४ साली दीक्षा मिळून ते बकिंगहॅमशायरमधील ओल्नी या खेड्यात पाळक झाले.

ओल्नीचे लोक गरीब होते. बायका व मुले घरोघरी लेस विणून कसेबसे पोट भरीत. न्यूटन खलाशाचा जुना कोट घालून त्यांच्या घरी जात. मुलांसाठी त्यांनी आठवड्यातून एक सभा सुरू केली, आणि देवळात माणसे मावेनात म्हणून वरचा सज्जा बांधावा लागला. प्रार्थनासभेसाठी ते साध्या शब्दांत गीते रचीत. १७७३ च्या नववर्षदिनी त्यांनी पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायावर उपदेश केला. देवाने आपल्या घराण्याला एवढे द्यावे असा आपण कोण, हे दावीद राजाचे आश्चर्य त्या अध्यायात आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्या उपदेशासाठी रचले होते असे मानतात. आज ज्या चालीवर ते गातात ती त्याला पुढे अमेरिकेत, १८३५ साली, जोडली गेली.

त्याच ओल्नीत कवी विल्यम कूपर न्यूटनचे शेजारी होते. दोघांनी मिळून केलेला ‘ओल्नी हिम्स’ हा गीतसंग्रह १७७९ साली प्रसिद्ध झाला. परंतु कूपर यांना मनाचा भयंकर आजार होता. १७७३ च्या जानेवारीतच, ते नववर्षाचे गीत गाइले गेल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांचे मन पुन्हा ढासळले. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे अशी त्यांची समजूत झाली आणि ती १८०० साली मरेपर्यंत पुरती गेली नाही. न्यूटननी त्यांना उपदेशाने हैराण केले नाही. त्यांनी कूपरना आपल्या घरी आणले आणि एक वर्षाहून अधिक काळ सांभाळले. आपल्या मंडळ्यांतही मनाने खचलेली माणसे असतात. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणून आपण मोकळे होतो. कृपा वाटली नाही म्हणजे ती नाही, असे नव्हे. ज्याला ती वाटत नाही त्याच्यापर्यंत ती आपल्या हातांनी पोहोचवावी लागते.

१७८० साली न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ या देवळाचे पाळक झाले. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स हे २६ वर्षांचे पार्लमेंट-सभासद गुपचूप त्यांना भेटावयास आले. त्यांचे मन नुकतेच देवाकडे वळले होते, आणि राजकारण सोडावे की काय या विचारात ते होते. न्यूटननी त्यांना आहे तेथेच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा पार्लमेंटात ज्यांनी वीस वर्षे लढविला ते हेच विल्बरफोर्स.

आणि न्यूटन स्वतः? त्यांनी १७८८ साली, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनी, आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आपण हा कबुलीजबाब फार उशिरा देत आहो, आणि ज्याचा विचार करून आता अंगावर शहारे येतात त्या धंद्यात एके काळी आपला हात होता ही लाज आपणास जन्मभर पुरेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्षही दिली. त्या काळी अनेक मोठी घराणी या धंद्यावर श्रीमंत झाली होती, आणि जुन्या कप्तानाने तोंड मिटून बसणे सोयीचे होते. पण क्षमा मिळालेल्या मनुष्याला आपले पाप झाकून ठेवण्याची गरज राहत नाही. ते देवापुढे उघडे झालेलेच असते.

वाचकहो, येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या साक्षीने न्यूटननी आपल्या पापाची भरपाई केली असे कोणी म्हणू नये. ती त्यांना करता येण्यासारखी नव्हती. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत केले. न्यूटनने विकलेली माणसे समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यांत राबून मेली. त्यांची मुलेही गुलाम झाली. त्यांना कोण काय परत करणार? देवाने न्यूटनला क्षमा केली म्हणून त्या लोकांचा आक्रोश देवाच्या कानी पडला नाही असेही नव्हे. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडते असे शास्त्र सांगते. क्षमा म्हणजे पाप लहान होते असे नव्हे. ते इतके मोठे होते की देवाच्या पुत्राशिवाय कोणालाही ते वाहता आले नसते. कृपा स्वस्त वाटू लागली की रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून वाचावा. साक्ष हे क्षमेचे मोल नव्हते. ते क्षमेचे फळ होते, आणि उशिरा आलेले फळ होते.

आपल्या देशाशीही न्यूटनचा एक धागा जोडलेला आहे. क्लॉडियस बुकॅनन नावाचा एक स्कॉटिश तरुण आईबापांना फसवून घर सोडून लंडनला आला होता. १७९१ साली त्याने न्यूटनचा उपदेश ऐकला व त्यांना पत्र लिहिले. न्यूटननी त्याला जवळ केले, आणि त्यांच्या ओळखीने त्याच्या केंब्रिजच्या शिक्षणाची सोय झाली. तेच बुकॅनन १७९७ साली पाळक म्हणून कलकत्त्यास आले, पुढे मलबारच्या सुरियानी मंडळ्यांना भेटले, आणि १८०८ च्या जानेवारीत गोव्यास जाऊन तेथील इन्क्विझिशनची माहिती त्यांनी मिळविली. ती त्यांनी १८११ साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. १८१२ साली गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले.

१७९० साली मेरी कर्करोगाने वारली. न्यूटनची दृष्टी अधू झाली, स्मरण सुटू लागले, तरी ऐंशी वर्षांनंतरही ते व्यासपीठावर उभे राहत. पुष्कळ विसरले, तरी आपले पाप केवढे आणि आपला तारणारा केवढा, या दोन गोष्टी त्यांच्या स्मरणातून गेल्या नाहीत. २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटिश राज्यातील गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मंजूर झाला. ते पाहून त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन प्रभूकडे गेले. गुलामगिरीच बेकायदा ठरविणारा कायदा १८३३ साली आला. आपल्या थडग्यावरील लेख त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. एके काळचा नास्तिक व दुराचारी, आफ्रिकेतील गुलामांचाही चाकर असलेला, आणि ख्रिस्ताच्या दयेने वाचविला जाऊन, ज्या विश्वासाचा नाश करू पाहत होता त्याच विश्वासाचा प्रचारक नेमला गेलेला मनुष्य, असे स्वतःचे वर्णन त्यांनी त्यात केले आहे.

शब्बाथशाळेत ही गोष्ट सांगाल तेव्हा सगळी सांगा. वादळ सांगा, पण वादळानंतरच्या तीन सफरीही सांगा. मुलांना विचारू द्या की प्रार्थना करणारा मनुष्य असे कसे करू शकला. तो प्रश्न आपल्या घरीही यावा. आपणही रविवारी प्रभुभोजनाला बसतो, आणि सोमवारी घरच्या मोलकरणीला निराळ्या कपात चहा देतो. जातीचा विचार करून सोयरीक जुळवितो, आणि भावाशी जमिनीच्या तुकड्यावरून दहा वर्षे बोलत नाही. आपल्या डोळ्यांवरही प्रभूला दुसऱ्यांदा हात ठेवावा लागेल. ज्याने न्यूटनला चाळीस वर्षे टाकून दिले नाही, तो आपल्यालाही टाकणार नाही. मात्र त्याने डोळे उघडले की जे दिसेल ते मोठ्याने कबूल करण्याचे धैर्य आपण त्याच्याजवळ मागावे.